भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर, आणि आज स्टुडिओत बसून बोलत असले तरी अर्धं लक्ष घरच्या पडवीत आहे. तिथे सासूबाईंना खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसवून आलेय.

मला विषय दिलाय घरातली झाडं. आता घरातली झाडं म्हटलं की मनी प्लांट, स्नेक प्लांट वगैरे, जी लावली की विसरली तरी चालतात, मेली तरी कळत नाही आणि जगली तरी कळत नाही. त्यांच्याबद्दल कुणीही बोलेल. मी बोलणार आहे होस्टाबद्दल, आणि आधीच सांगते, कोकणात होस्टा लावणं हा शहाणपणाचा उद्योग नाहीये. पण सात पावसाळे मी तो केलाय, तर बोलायचा हक्क आहे थोडा.

रेडिओवर पान दाखवता येत नाही म्हणून सांगते. होस्टाला खोड नाही, फांदी नाही, जमिनीतनं थेट पानांचा झुबका वर येतो, कर्दळीला कुणीतरी बुटकं करून ठेवल्यासारखा. प्रत्येक पानाला लांब देठ, पान बदामाच्या आकाराचं, आणि देठापासून टोकापर्यंत खोल शिरा, ओल्या केसांतनं मोठ्या दातांचा कंगवा फिरवल्यावर दिसतात ना तशा. मूळ गाव जपान, कोरिया, चीन. तिथून १८३० च्या सुमाराला झीबोल्ड नावाच्या डॉक्टरने जपानमधून बऱ्याच जाती युरोपात नेल्या. नाव मात्र त्याच्या आधीच ठेवून झालं होतं, १८१२ साली, होस्ट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून. अमेरिकेत तर १९६८ पासून ह्या एका झाडाची वेगळी सोसायटी आहे, जातीही हजारोंनी. तिकडे लोक घराच्या सावलीच्या बाजूला, जिथे दुसरं काही येत नाही, तिथे लावतात. म्हणजे आपल्याकडे न्हाणीच्या मागे अळू लावतात तसंच.

मी हे पहिल्यांदा पाहिलं मोबाईलवर, २०१८ च्या पावसात. निळी पानं, जांभळी पानं, सप्तरंगी पानं, शंभर बिया एवढ्या एवढ्या रुपयांत. मी मागवल्या. हसू नका, तुमच्यातल्याही किती जणींनी मागवल्या असतील मला माहितेय. पाकिटातनं आले बारीक काळे गोल दाणे, पेरले, चार दिवसांत उगवले, आम्ही सगळे खूश, आणि महिन्याभरात लक्षात आलं की हा माठ आहे. लाल माठ. चांगला झाला होता, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, वर खोबरं घालून दोनदा भाजी झाली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, होस्टाची बी चपटी असते, काळी, तिला एका बाजूला पातळ पापुद्र्यासारखा पंख असतो, आणि मुख्य म्हणजे बियांपासून आईसारखं झाड येईलच असं नाही, म्हणून जाती टिकवायच्या तर गड्डे फोडूनच वाढवतात नाहीतर लॅबमध्ये टिश्यू कल्चर करतात. आणि जांभळ्या पानांचा, सप्तरंगी पानांचा होस्टा नसतोच. निळा असतो, पण त्याचीही गंमत आहे, सांगते.

पुढच्या फेब्रुवारीत भाच्याने डोंगराकडच्या एका नर्सरीतनं खरे दोन गड्डे आणून दिले, ओल्या भुशात गुंडाळलेले. एक एलिगन्स नावाचा, निळसर, ही जात जर्मनीत १९०५ साली तयार झालेली. आणि दुसरा प्लँटाजिनिया, हा मूळचा चिनी, साधा पोपटी हिरवा, दिसायला काही विशेष नाही. मला अर्थातच निळ्याचं कौतुक. माजघरात आमच्या कौलांत एक काचेचं कौल आहे, त्यातनं उजेडाचा चौकोन पडतो, सकाळी तो भिंतीवर असतो आणि दुपारी जमिनीवर येतो. दोन्ही कुंड्या त्या चौकोनाच्या जरा बाजूला ठेवल्या, म्हणजे उजेड मिळेल पण थेट ऊन नाही. मार्चमध्ये दोन्ही उगवले. गुंडाळी केलेला कोंब वर येतो, सिगारेटसारखा, आणि मग एका रात्रीत सैल होऊन पान उलगडतं. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथेच.

एप्रिल संपता संपता निळा हिरवा झाला. घाबरून फोन केला तर भाचा म्हणाला, मावशी, ते पान निळं नसतंच, त्यावर मेणाचा थर असतो, जांभळावर असतो ना तसा, उकाड्याने तो गेला की आतलं हिरवं दिसतं. आणि बोट फिरवून पाहू नको, बोटानेही जातो. मी आधीच फिरवलं होतं, चारही पानांवर.

मग जुलै. त्या वर्षी पाऊस लागला तो सुटेचना, माजघरात हवा कोंडलेली, भिंतींना ओल. एका सकाळी निळ्याचं एक पान कलंडलेलं दिसलं म्हणून नुसतं उचलायला गेले तर देठ बुडातनं सुटून हातात आला, दुसरा धरला तो पण, सगळा झुबकाच लोण्यासारखा मऊ. मातीवर कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं जाळं, आणि त्या जाळ्यावर मोहरीसारखे तपकिरी दाणे. ही बुरशी, स्क्लेरोशियम, भुईमूग करणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे, त्यांच्याकडे खोड कुजवते तीच. तिला उष्ण आणि दमट हवा लागते, म्हणजे तिच्यासाठी आपलं कोकण माहेरच. ते मोहरीचे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कंपोस्टमध्ये तर नाहीच नाही. मी कुंडीसकट फेकली. तेव्हापासून माझी माती ठरलेली, आपली जांभ्याची लाल माती थोडी, चाळलेला पातेरा, भाताचं तूस, कुजलेलं शेणखत त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे असल्या बुरशीला आवरणारी चांगली बुरशी, मिसळून, आणि बुडाला जांभ्याच्या खड्यांचा थर. गड्ड्याचं तोंड मातीत बुडवायचं नाही. आणि कुंडी माजघरातनं पडवीत आणली, कारण वारा पाहिजे. घरात झाड म्हणजे कोंदट कोपऱ्यात झाड असं नसतं, हे मला एक होस्टा घालवून कळलं.

राहिला प्लँटाजिनिया. तो मेला नाही पण वाढेही ना. पहिल्या वर्षी पान चार इंच, मी फूटपट्टीने मोजून कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवते. दुसऱ्या वर्षी, २०२० ला, खत सगळं वेळेवर देऊनसुद्धा अडीच इंच. झाड उलटं चाललेलं! शेजारच्या काकी येता-जाता विचारायच्या, "ह्या अळू काय गो? खाजता काय?" आणि गणपतीला मुंबईहून आलेली मंडळी पाहून गेली, त्यातल्या एकाने हळद ठरवली, दुसऱ्याने सोनटक्का. डिसेंबरात सगळी पानं पिवळी पडून आडवी झाली. मी कुंडी उचलून उकिरड्याकडे निघाले होते, तर ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मेला नाय गो ता, निजला हा. सुरण नाय निजत?"

मंडळी, मी मोबाईलवर दोन वर्षं वाचत होते आणि उत्तर आमच्या ओटीवर होतं. आपला सुरण पावसाळा सरला की पान टाकतो आणि मातीत गप्प पडून राहतो, पावसाच्या तोंडावर परत वर. हळद तशीच, रानातलं तेरं तसंच, रायगडाकडची शेवळं तशीच. आपल्या कंदांना कोरडे महिने झोपायला लागतात. होस्टालाही झोप लागतेच, फक्त त्याची झोप थंडीची आहे. साधारण सहा अंशांच्या खाली ६०० ते ७०० तास, म्हणजे महिनाभर तरी, पारा तिथे राहिला की मग त्याच्या आत कुठेतरी नोंद होते की हिवाळा झाला, आता उठायला हरकत नाही. ती झोप नाही मिळाली तर झाड लगेच मरत नाही, जागरण झालेल्या माणसासारखं दिवसेंदिवस बारीक होत जातं. माझं झालं होतं तसंच. आणि आमच्याकडे जानेवारीतल्या पहाटे पारा फार तर १८-१९ वर येतो. तिकडे दापोलीला एखाद्या हिवाळ्यात दहाच्या आसपास जातो, पण सहाच्या खाली महिनाभर, हे कोकणात कुठून आणणार?

आंबा बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. थंडी लांबली की मोहर लांबतो, थंडी पडलीच नाही तर पालवी येते आणि मोहर नाही, आमचे हे डिसेंबरात रोज पहाटे अंगणात उभं राहून तोंडातनं वाफ निघते का बघतात. हापूसला रात्रीचा गारवा पुरतो, ह्या पाहुण्याला फ्रिज लागतो. एवढाच फरक.

तर फ्रिज. उष्ण भागातले होस्टावाले लोक गड्डा फ्रिजमध्ये ठेवतात हे वाचलं होतं. पण जिथे वाचावं तिथे डिसेंबरात ठेवा असं. मी म्हटलं का? डिसेंबर-जानेवारी तर आपल्याकडचे सगळ्यात चांगले दिवस, झाडाला जरा बरं वाटायला लागतं तेव्हाच त्याला झोपवायचं आणि जागं करून उभं करायचं एप्रिल-मेच्या भट्टीत? मेमध्ये आमच्याकडे रात्रीसुद्धा २६ अंश असतात. मग मी उलटं केलं. होस्टाचा जानेवारी आमच्या मे महिन्यात करायचा. मार्चच्या मध्यात झोपवायचा, मे संपता संपता काढायचा, आणि जूनच्या पावसात उठवायचा, ढगाळ उजेड, ओली हवा, जपानात पण जून-जुलैत पावसाळा असतोच, म्हणजे त्याच्या घरचं हवामान त्याला निदान अर्धं तरी मिळतं. हे माझं घरगुती डोकं आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका, पण माझ्या कुंडीत चाललंय.

पद्धत सांगते. मार्च लागला की पाणी कमी करत न्यायचं, पानं पिवळी पडली की देठ कापायचे, गड्डा उकरून मुळांची माती धुवायची आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यायचा. मग जरा दमट काथ्याचा भुसा, दमट म्हणजे मुठीत दाबला तर पाणी गळता नये, त्यात गुंडाळून, वर वर्तमानपत्र, भोकं पाडलेली पिशवी, आणि भाजीच्या कप्प्यात मागच्या बाजूला, तिथे चारेक अंश असतात. वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाल तर संपलं. दर पंधरा दिवसांनी उघडून बघायचं, कोरडं वाटलं तर पाण्याचा एक फवारा. आणि पिशवीवर नाव लिहा, मोठ्या अक्षरात, हे मी अनुभवाने सांगतेय, कारण पहिल्याच वर्षी आठवड्याभरात सासूबाई एक मूळ चहात किसून बसल्या होत्या आणि वर मलाच विचारतायत, "ह्या आला कसला गो, वास नाय काय नाय?" त्यांना काही झालं नाही, जपानात तर होस्टाचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. पण कुत्र्या-मांजरांना तो चालत नाही, पोट बिघडतं, उलट्या होतात, तेव्हा घरात मांजर असेल तर जरा उंचावर.

दुसरी अडचण आणखी मोठी. एप्रिल-मेमध्ये देवगडातल्या फ्रिजमध्ये काय असतं? पिकलेला आंबा. आणि पिकत्या फळातनं इथिलीन वायू सुटतो, तो झोपलेल्या कोंबाला बाधतो. म्हणजे एका फ्रिजमध्ये एकतर हापूस नाहीतर होस्टा. मी घरात जाहीर केलं की आंबा बाहेर, गवताच्या आढीत, आणि खरं सांगू, आंबा फ्रिजमध्ये ठेवणं मला कधी पटलंच नव्हतं, तो गारठून मुका होतो, त्याचा वास जातो. आमरसाचा डबा तेवढा झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर, ही तडजोड. आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत.

त्याच वर्षी १६ मेला तौक्ते वादळ आलं. आमच्याकडची माणसं ती रात्र विसरणार नाहीत, आमची चार कलमं मुळासकट आडवी झाली, पडवीची कौलं उडाली, लाईट गेली ती सहाव्या दिवशी आली. फ्रिजचा विचार कुणाच्या डोक्यात? नासलेलं काढून टाकायला म्हणून उघडला, तर भाजीच्या कप्प्यातली पिशवी फुगलेली. आतनं वर्तमानपत्र फाडून तीन कोंब बाहेर, पिवळट पांढरे, पेन्सिलीएवढे, अंधारात वाट शोधत वाकडे झालेले. दोन महिने झोप झाली होती आणि फ्रिज बंद पडल्यावर त्याला वाटलं असणार वसंत आला. सगळीकडे मोडतोड, अंगणात पत्रे, आणि मी त्या तीन कोंबांसाठी फुटकी बादली शोधत फिरतेय, कुंड्या सगळ्या फुटलेल्या. त्या वर्षी पान पाच इंच झालं.

आता थांबण्याबद्दल. नर्सरीतनं येतो तो होस्टा बाळ असतो, तो पाहून जात ओळखायची नाही. पोक्त व्हायला लहान जातींना तीनचार वर्षं, मोठ्यांना पाच ते आठ, आणि पोक्त होणं म्हणजे नुसतं मोठं होणं नव्हे, पानाचा आकारच बदलतो. आधी लांबट अरुंद पानं येतात, नंतर ती रुंद होतात, बुडाशी बदामासारखी खोबण पडते, शिरा वाढतात. मी शिरांच्या जोड्या मोजते. पहिल्या वर्षी चार होत्या. आपल्याला ह्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही खरं तर, बाणवली नारळ लावणारा माणूस सहासात वर्षं शहाळ्याचा विचार करत नाही, सुपारीलाही तेवढीच, कोय कलम केलेला हापूससुद्धा चारपाच वर्षं नुसता वाढवायचा. पण कुंडी समोर असली की हात शिवशिवतात. २०२३ ला तीन कोंबांचे सहा झाले तर मी गड्डा चिरून अर्धा धाकट्या बहिणीला दिला. झालं, माझं पान सहा इंचांवरून साडेतीनवर, तिचं त्याहून लहान, दोघी वर्षभर एकमेकींना फोटो पाठवत बसलो. वाढीच्या वयात झाड फोडू नका. आणि फोडायचंच तर सुरी आधी उकळून घ्या, होस्टाचा एक व्हायरस आहे तो रसातनं पसरतो आणि त्याच्यावर औषध नाही, पानावर शाई फुटल्यासारखे डाग दिसले की झाड जाळायचं.

गोगलगायींबद्दल तर वेगळा कार्यक्रम करावा लागेल. होस्टा म्हणजे त्यांची बासुंदी. कुंडीला तांब्याची तार बांधायचा उपाय वाचला होता, बांधली, आणि रात्री टॉर्च घेऊन बसले तर एक बाई त्या तारेवरनं सावकाश चालत गेली, मधे थांबून जरा विसावलीसुद्धा. शेवटी जुनी युक्ती केली, पूर्वी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे ना मुंग्या चढू नयेत म्हणून, तसं परातीत पाणी, मध्ये उलटी पाटी आणि तिच्यावर कुंडी. तीन दिवसांनी पाणी बदलायचं नाहीतर डास. तेव्हापासून एकही भोक नाही.

यंदा पान नऊ इंच आणि शिरांच्या जोड्या आठ. आणि गौरी-गणपतीच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं तेव्हा झुबक्याच्या मधोमध एक जाड दांडा वर आला. प्लँटाजिनिया हा एकच होस्टा असा आहे जो दिवस उतरताना उमलतो, चार-पाच वाजल्यानंतर, पांढरा, बोटापेक्षा लांब कर्ण्यासारखं फूल, आणि वास येतो म्हणे सोनटक्क्याच्या जवळचा. म्हणे, कारण मी अजून घेतलेला नाही. चिनी भाषेत ह्याला जेडचा, म्हणजे दागिन्यांच्या एका मौल्यवान दगडाचा, आकडा म्हणतात, अंबाड्यात खोचायचा आकडा, आणि कळ्या पाहिल्यावर ते नाव बरोबर वाटतं, बुडाला बारीक, टोकाला जरा फुगीर, मिटलेल्या. अकरा आहेत. खालची काल संध्याकाळी हिरवी होती, आज सकाळी निघताना पांढरी झालेली पाहिली, टोकाशी पाकळ्यांची शिवण सुटायला लागलीय. एक फूल एका दिवसाचंच असतं.

म्हणून मी आजचं रेकॉर्डिंग सकाळचं मागून घेतलं. पावणेएकची एसटी मिळाली तर तीनच्या आत घरी, ती चुकली तर पुढची तीनला आणि मग पोचायला साडेपाच. सासूबाईंना सांगून ठेवलंय की उमललं तर हात लावू नका, नुसतं बघा, पण त्यांचा काय भरवसा, देवाला वाहून मोकळ्या होतील. तेव्हा मंडळी, मी निघते. नमस्कार.